खुंटी बदलण्याआधी : इलेक्ट्रिक गिटारच्या लॉकिंग ट्यूनरचा आढावा

लॉकिंग ट्यूनर तार आवळून धरतो, सूर नव्हे. ही एक गोष्ट नीट समजली की या विषयातला निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. पण 'लॉक' हा शब्दच असा आहे की ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा सूर लावला, कुलूप घातलं, आता गिटार उतरणार नाही. माझ्याकडे शिकणारी मुलं वर्ष-दीड वर्षात कधी ना कधी हा प्रश्न घेऊन येतातच : "सर, गिटार सारखी उतरते. लॉकिंग ट्यूनर टाकून घेऊ का?" मी गिटार शिकवतो, ओळखीपाळखीच्या लोकांच्या गिटारींची किरकोळ दुरुस्तीही करतो. या प्रश्नाला नुसतं 'हो' किंवा 'नको' म्हणून मला कधीच भागवता आलेलं नाही. गिटार कुठली, तार नेमकी कुठे अडते, हेडस्टॉकला भोकं केवढी, ट्रेमोलो वापरता की नाही, हे सगळं विचारावं लागतं. ते एकदा सलग मांडावं, म्हणून हा आढावा.

सूर उतरतो तो कुठे?

इलेक्ट्रिक गिटारला सर्रास लावला जाणारा दहा-शेहेचाळीसचा सेट घ्या. पहिली तार ०.०१० इंच जाडीची, सहावी ०.०४६ इंच. साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारवर नेहमीच्या सुरात या सहा तारा मिळून सुमारे ४७ किलोचा ताण देतात. यातली तिसरी, म्हणजे 'जी'ची तार, एकटी साडेसात किलोच्या आसपास ओढते. पोलादी तार सुरात येईपर्यंत किती लांबते? जेमतेम दोन मिलिमीटर.

आता पुढचा हिशेब करा. ब्रिज पक्का बसवलेला असेल, तर ही तार कुठूनही ०.०२ मिलिमीटर सैल झाली की ताण एक टक्क्याने घटतो आणि सूर आठ-नऊ सेंटने उतरतो. शंभर सेंट म्हणजे कोमल गंधारापासून शुद्ध गंधारापर्यंतचं अंतर. माणसाच्या केसाच्या जाडीइतकी तार सरकली तरी या अंतराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. हिशेब ढोबळ आहे, पण गिटार 'अशी कशी उतरली' याचं आश्चर्य त्यानंतर उरत नाही. आपण बोलतोय ते इतक्या बारीक सरकण्याबद्दल.

ही तार सरकू शकेल अशा जागा तीन. एक ब्रिज, दुसरी नट, तिसरी खुंटीवरचे वेढे. लॉकिंग ट्यूनर यातल्या फक्त तिसऱ्या जागेचा बंदोबस्त करतो. नवी तार ताणली जात असताना सुरुवातीचे काही तास उतरतच राहते, त्यावर त्याचा इलाज नाही. एसी गाडीतून गिटार काढून उघड्या मंचावर दिव्यांखाली नेली की तारा तापतात आणि उतरतात, त्यावरही नाही. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत, मानेचं लाकूड ओल धरून किंचित वाकतं, त्यावर तर मुळीच नाही.

गिअर सहसा निर्दोष असतो

अनेकांचा समज असा की जुन्या ट्यूनरचा गिअर मागे फिरतो आणि म्हणून तार उतरते. तंबोऱ्याच्या खुंटीचं तसं होतं, कारण ती लाकडाच्या भोकात लाकडाच्या घर्षणावर उभी असते. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांच्या खुंट्या पिढ्यानपिढ्या याच तत्त्वावर घासून बसवल्या जातात. खुंटी सरकायला लागली की वाजवणारा तिला खडू लावतो, आणि शेवटचा बारीक सूर खुंटीने न लावता खालच्या मण्याने लावतो.

गिटारच्या ट्यूनरची रचना वेगळी. त्यात स्क्रूसारखे आटे असलेला एक दांडा असतो, त्याला वर्म म्हणतात. तो एका दातेरी चाकाला फिरवतो. आपण बटण फिरवलं की वर्म चाकाला फिरवतो, पण तारेने चाकाला कितीही ओढलं तरी चाक वर्मला फिरवू शकत नाही. म्हणजे उलट न फिरण्याची सोय साध्या ट्यूनरमध्येही मुळातच आहे. गिअर झिजला असेल तर बटणाला थोडी मोकळी चाल येते. त्यावर उपाय जुनाच : सूर चढा लागला तर आधी नको तेवढा उतरवायचा आणि मग खालून वर चढवत आणायचा. त्यामुळे दाते एका बाजूला टेकलेले राहतात.

मग खुंटीपाशी घडतं काय? तार भोकातून ओवून दोन-तीन वेढे दिलेले असतात. तार जिच्यावर गुंडाळली जाते तो खुंटीचा दांडा, म्हणजे पोस्ट, सहा मिलिमीटर जाडीचा धरला तर एका वेढ्यात जवळपास एकोणीस मिलिमीटर तार जाते. तीन वेढे म्हणजे साडेपाच-पावणेसहा सेंटिमीटर तार पोस्टवर नुसती गुंडाळलेली. ट्रेमोलोचा दांडा दाबला की तार ढिली पडते, हे वेढे सुटू पाहतात, आणि दांडा सोडला की पुन्हा घट्ट होतात. पण अगदी पहिल्या जागी परत येतीलच असं नाही. लॉकिंग ट्यूनरमध्ये तार पोस्टच्या आत चिमटली जाते, वेढा अर्धा-पाऊण पुरतो. सरकायला वेढेच नाहीत, एवढाच त्याचा गुण. ट्रेमोलो वापरणाऱ्यासाठी मात्र हा गुण मोठा आहे.

क्लुसनपासून स्परझेलपर्यंत

हा प्रश्न गिटारवाल्यांनी कसा कसा सोडवत आणला ते पाहिलं की आजच्या बाजारातला प्रत्येक प्रकार कुठून आला ते कळतं.

क्लुसन कंपनी शिकागोत १९२५ साली सुरू झाली. पन्नासच्या दशकातल्या गिब्सन आणि फेंडर या दोन्ही घराण्यांच्या गिटारींवर तिचेच ट्यूनर दिसतात. फेंडरवर जो क्लुसन असे त्याच्या पोस्टला वरून खाच आणि मधोमध खोल भोक असे. तार आधी कापायची, टोक त्या भोकात खुपसायचं, वाकवायचं आणि मग गुंडाळायचं. टोक आत गेल्याने बोटाला टोचत नाही आणि तार पटकन बसते. लॉकिंग ट्यूनरमागची इच्छा इथेच दिसते, फक्त चिमटा अजून यायचा होता. ही रचना आजही बनते आणि तारा बदलायला ती फार सोयीची आहे.

गिब्सनवरच्या हलक्या क्लुसनच्या जागी पुढे अनेकांनी ग्रोव्हरचे जड, बंदिस्त रोटोमॅटिक बसवले. जिमी पेजच्या प्रसिद्ध १९५९च्या लेस पॉलवरही मूळ क्लुसन काढून ग्रोव्हर बसवलेले आहेत. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ हेल्मुट शालर यांनी १९४५ साली कारखाना काढला आणि साठच्या दशकात त्यांचे पूर्ण बंदिस्त एम-६ ट्यूनर आले. गिअर ग्रीसमध्ये बंद, धूळ नाही, घाम नाही.

दुसरीकडे १९५४ साली फेंडरने स्ट्रॅटोकास्टर आणली, तिच्यावर तारा ढिल्या-घट्ट करणारा ट्रेमोलो होता, आणि सूर टिकवण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथे उभा राहिला. जिमी हेंड्रिक्सने साध्या ट्यूनरवरच ट्रेमोलो वापरला. एडी व्हॅन हेलनच्या १९७८च्या पहिल्या अल्बममधला ट्रेमोलोही फेंडरच्या साध्या पद्धतीचाच. तो नटच्या खाचांत तेल सोडत असे आणि तारा कशा गुंडाळायच्या याची काळजी घेत असे. वाजवणाऱ्यांना दोष कुठे आहे ते कळलेलं होतं.

मग दोन वाटा फुटल्या. फ्लॉइड रोझ यांनी तार नटवरच आवळण्याची युक्ती काढली. तिचं पेटंट १९७९चं. तार नटपाशी आणि ब्रिजपाशी अशी दोन्हीकडे आवळली, की खुंटी सुराच्या हिशेबातून बाहेरच पडते. बारीक सुरासाठी ब्रिजवर वेगळे छोटे स्क्रू आले, म्हणजे आपल्या तंबोऱ्याचा मणीच म्हणा. दुसरी वाट ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या बॉब स्परझेल यांची. गिटारचं रूप तेच ठेवायचं आणि फक्त खुंटीच्या पोटात चिमटा बसवायचा. त्यांचे ट्रिम-लॉक ट्यूनर ऐंशीच्या दशकात पसरले. १९८५ साली मेरीलंडमध्ये पॉल रीड स्मिथ यांची कंपनी उभी राहिली. त्यांच्या गिटारींवर ट्रेमोलो, कमी घर्षणाचा नट आणि लॉकिंग ट्यूनर असा पूर्ण संच सुरुवातीपासून होता. फेंडरच्या १९८७च्या स्ट्रॅट प्लसवर रोलर नट आणि लॉकिंग ट्यूनर एकत्र आले.

या दोन उदाहरणांकडे लक्ष द्यायला हवं. ज्यांनी लॉकिंग ट्यूनर कारखान्यातूनच बसवले, त्यांनी नटही बदलला. आपण बाजारातून नुसते ट्यूनर आणतो आणि नट तसाच ठेवतो, मग अपेक्षाभंग होतो.

आधी नट

म्हणून माझी पहिली पायरी नेहमी नटची. तपासणी दोन मिनिटांची आहे. गिटार सुरात लावा. नट आणि खुंटी यांच्या मधली तार बोटाने एकदा दाबून सोडा आणि मोकळी तार वाजवून तिचा सूर यंत्रावर पाहा. सूर चढलेला राहिला, तर तार नटमध्ये अडकते आहे. सूर लावताना 'टिंग' असा बारीक आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर खात्रीच झाली. मग कितीही महागडी खुंटी आणा, ही तार अडकणारच.

खाच तारेपेक्षा अरुंद असेल तर ती कारागिराकडून नीट घासून घ्यावी. स्वतः घासायला जाल तर खाच खोल होऊन तार पट्ट्यांवर खडखडायचा धोका असतो. खाच ठीक असेल तर मऊ शिसपेन्सिलीची भुकटी खाचेत भरली तरी बराच फरक पडतो. हाडाचा किंवा कमी घर्षणाच्या कृत्रिम पदार्थाचा नवा नट हा त्यापुढचा उपाय.

गिब्सन पद्धतीच्या तीन-तीन खुंट्यांच्या हेडस्टॉकवर हा प्रश्न जास्त जाणवतो. तिथे हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, शिवाय तारा नटमधून बाहेर पडताना बाजूला वळतात. मधल्या 'डी' आणि 'जी' या तारा सगळ्यात जास्त वळतात, आणि लेस पॉल वाजवणारे तक्रार करतात ती बहुधा याच दोन तारांची. फेंडरच्या एका ओळीतल्या सहा खुंट्यांवर तारा सरळ जातात, पण तिथे पातळ तारांना खाली दाबणारी एक छोटी कडी असते, स्ट्रिंग ट्री. तीही तार अडवू शकते.

लॉकचे प्रकार

बाजारात आज मुख्यतः तीन तऱ्हेचे चिमटे मिळतात.

पहिला, मागच्या बाजूला चाक असलेला. ट्यूनरच्या पाठीवरचं गोल चाक बोटाने फिरवलं की पोकळ पोस्टमधून एक पिन वर सरकते आणि तार दाबून धरते. स्परझेल, शालर, हिपशॉट यांची ही रीत, फेंडरच्या अनेक आधुनिक गिटारींवरही हीच. अवजार लागत नाही, दोष चटकन दिसतो, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हाच सुचवतो. खबरदारी मात्र हवी : चाक बोटांच्या जोरानेच आवळायचं. पकड लावून आवळलं तर पातळ तार पिनेखाली चेपते आणि तिथेच तुटते.

दुसरा, वरून आवळायचा. पोस्टच्या माथ्यावर स्क्रू असतो. पॉल रीड स्मिथच्या नव्या पिढीच्या ट्यूनरमध्ये ही पद्धत आहे. पाठीमागून ते साध्या ट्यूनरसारखे दिसतात, पण तार बदलताना अवजार जवळ हवं.

तिसरा, आपोआप बंद होणारा. जपानच्या गोतोह कंपनीचा मॅग्नम लॉक हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तार ओवायची, बटण फिरवायचं, आणि पोस्ट फिरता फिरता तार आतल्या आत पकडली जाते. सोडवताना पोस्टचा माथा स्क्रूड्रायव्हरने किंवा नाण्याने फिरवायचा. दिसायला सगळ्यात साधा आणि हाताळायला चटपटीत, पण पहिल्या एक-दोन वेळा सवय करून घ्यावी लागते. याच कंपनीचा चाकवाला प्रकारही मिळतो, तेव्हा घेताना नाव पूर्ण वाचावं.

यांखेरीज तार पकडून जास्तीचं टोक स्वतःच कापणारे ट्यूनरही प्लॅनेट वेव्हजने काढले होते. तर ग्राफ टेकने प्रत्येक तारेला वेगळा गिअर देऊन सगळ्या खुंट्या हाताला सारख्या लागतील असा प्रयत्न केला. विचार चांगले, पण बदली म्हणून घेताना आधी आपल्या गिटारवर बसतात का तेच पाहावं लागतं.

भोक मोजल्याशिवाय पैसे देऊ नका

निवडीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका जुन्या स्ट्रॅटसारख्या गिटारसाठी फोटो पाहून सेट मागवला. पेटी उघडली, ट्यूनर सुंदर होते, पण भोकात शिरेनात. गिटारची भोकं जुन्या क्लुसन मापाची, ट्यूनर १० मिलिमीटरचे. भोकं मोठी करायला हात पुढे गेला होता, पण सुदैवाने थांबलो. सेट दुसऱ्याला दिला आणि योग्य मापाचा पुन्हा मागवला. चूक संपूर्ण माझीच होती, कॅलिपर ड्रॉवरमध्ये पडून होता.

ही मापं अशी असतात. जुन्या क्लुसन पद्धतीच्या ट्यूनरना हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूला ११/३२ इंच, म्हणजे साधारण ८.७ मिलिमीटरचं भोक असतं आणि त्यात ठोकून बसवलेलं धातूचं बूच असतं. ग्रोव्हर, शालर, गोतोह यांच्या आधुनिक बंदिस्त ट्यूनरना साधारण १० मिलिमीटरचं भोक लागतं आणि पुढून आट्यांचं नट आवळायचं असतं. तेव्हा आधी जुना ट्यूनर काढावा, तारेसकट घाईने न ओढता, आणि भोक पुढून व मागून दोन्हीकडून मोजावं. काही गिटारींवर पुढे मोठं आणि मागे लहान अशी पायरी असते.

दुसरी गोष्ट स्क्रूची जागा. क्लुसनला वर-खाली दोन स्क्रू, बऱ्याच बंदिस्त ट्यूनरना एकच स्क्रू, आणि तोही प्रत्येक घराण्यात वेगळ्या कोनात. फेंडरच्या आधुनिक गिटारींवर स्क्रूच नसतो. ट्यूनरच्या पाठीवर दोन बारीक पिना असतात, त्या लाकडातल्या दोन छिद्रांत बसतात. स्परझेललाही पिनच असते. जुन्या छिद्रांवर नवा स्क्रू बसला नाही तर नवं छिद्र पाडावं लागतं आणि जुनं उघडं राहतं. हिपशॉटने यावर एक चांगली तोड काढली : वेगवेगळ्या छिद्रांशी जुळणाऱ्या पातळ पट्ट्या. पट्टी जुन्या छिद्रांत बसते, ट्यूनर पट्टीला धरून राहतो, ड्रिल लागत नाही.

तिसरी गोष्ट, दिशा. सहा एका ओळीत, तीन-तीन, म्युझिक मॅनसारखे चार-दोन, उलटा हेडस्टॉक. सेट त्याप्रमाणे वेगळा येतो. मागवताना हे लिहून कळवावं.

आणि चौथी गोष्ट मी कळकळीने सांगतो. तुमच्या हातात खरोखर जुनी, मूळ सुट्या भागांची गिटार असेल, तर तिला ड्रिल लावू नका. साठ-सत्तरच्या दशकांत ग्रोव्हरसाठी भोकं मोठी केलेल्या लेस पॉलना आज अखंड गिटारींपेक्षा कमी किंमत मिळते. त्या काळी कुणाला हे ठाऊक नव्हतं, आपल्याला ठाऊक आहे. जुन्या क्लुसनच्या रूपाचे आणि मापाचे लॉकिंग ट्यूनर आता मिळतात. तेच घ्यावेत आणि जुने जपून ठेवावेत.

रेशो, उंची, वजन

जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला आकडा गिअर रेशोचा असतो. १४:१ म्हणजे बटण चौदा वेळा फिरवलं की पोस्ट एकदा फिरतो. १८:१ मध्ये बटणाच्या एका फेऱ्याला सहा मिलिमीटरच्या पोस्टवर तार मिलिमीटरभर सरकते, १४:१ मध्ये सव्वा मिलिमीटरच्या थोडी पुढे. मोठ्या रेशोने सूर बारीक लावता येतो. साध्या ट्यूनरवर त्याची किंमत म्हणून तार चढवायला जास्त फेरे मारावे लागतात. लॉकिंगमध्ये वेढाच अर्धा असल्याने ती किंमत जवळजवळ नाहीशी होते. म्हणून मिळत असेल तर मी १८:१ घेईन. पण स्परझेलचे ट्यूनर १२:१ आहेत आणि त्यांनी कुणाचं अडलेलं नाही. दात्यांची घडण नेटकी असणं रेशोपेक्षा महत्त्वाचं.

उंचीचा मुद्दा फेंडर पद्धतीच्या गिटारींसाठी. काही सेटमध्ये पुढच्या तारांचे पोस्ट क्रमाने ठेंगणे असतात. त्यामुळे तार नटवर आपसूक दाब देते आणि स्ट्रिंग ट्री काढून टाकता येते, म्हणजे घर्षणाची एक जागा कमी. गोतोहच्या काही ट्यूनरमध्ये पोस्टची उंची हवी तशी बदलता येते. तीन-तीन हेडस्टॉकला याची गरज नाही.

वजनाकडे फार कमी लोक पाहतात. चिमट्याचे भाग आणि मागची चाकं यांमुळे बरेच लॉकिंग सेट जुन्या उघड्या ट्यूनरपेक्षा जड असतात. हे वजन मानेच्या अगदी टोकाला येतं, तराजूच्या लांब दांडीच्या शेवटी ठेवल्यासारखं. गिब्सनच्या एसजीसारख्या हलक्या अंगाच्या गिटारची मान पट्ट्यावर आधीच खाली झुकते, तिथे हे जाणवतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जुना सेट ठेवून पाहा आणि नव्याचं वजन विक्रेत्याला विचारा. स्परझेलचे अॅल्युमिनियमचे ट्यूनर याच कारणाने अनेकांना आवडतात. जड ट्यूनरने आवाज जास्त वेळ घुमतो असं सांगितलं जातं. हेडस्टॉकचं वजन बदललं की मानेचं कंपन थोडं बदलतं, एखादा मंद वाजणारा स्वर एका पट्टीवरून दुसरीवर सरकू शकतो, हे खरं. पण तेवढ्यासाठी ट्यूनर घेऊ नयेत.

बसवताना

काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. माप जुळत असेल तर घरी करता येतं. जुनी बुचं ठोकून न काढता मागून गोल लाकडी काडीने हळूहळू दाबत बाहेर काढावीत, म्हणजे कडेचं पॉलिश उडत नाही. नवे ट्यूनर बसवून पुढची नटं आधी हातानेच आवळावीत, सहाही बटणं एका रेषेत आली की मगच पान्याने शेवटचा वेढा. फार जोर नको, लाकूड चेपतं. नवं छिद्र पाडायचंच असेल तर स्क्रूपेक्षा बारीक बिट घ्यावं, किती खोल जायचं त्या खुणेला बिटवर कागदी टेप गुंडाळावी, आणि स्क्रूच्या आट्यांना थोडा साबण किंवा मेण चोळावं. हे छोटे स्क्रू कोरड्या मेपलमध्ये मुंडी तुटून आत राहतात, तसं झालं की निस्तरायला अर्धा दिवस जातो. छिद्र सैल झालं असेल तर दातकोरण्याची काडी गोंदात बुडवून आत भरावी, वाळू द्यावी आणि मग स्क्रू लावावा.

तार लावण्याची कृती नव्या माणसाने एकदा सावकाश करावी. भोक गिटारच्या मानेच्या रेषेत आणायचं. तार ओवायची, ओढून धरायची, पण अगदी तटतटून नाही. पातळ तारांना किंचित ढील ठेवली तर सूर लागेपर्यंत पोस्ट अर्धा-पाऊण फेरा फिरतो आणि तार पोस्टला वळसा घालून बसते. मग चाक बोटांनी आवळायचं, सूर चढवायचा, आणि जास्तीचं टोक शेवटी कापायचं. जाड, गुंडाळीच्या तारेचं टोक आधीच कापलं तर वरची गुंडाळी सुटण्याचा धोका असतो. लॉकिंग ट्यूनरवर सवयीने तीन वेढे देणारे वाजवणारे मी पाहिले आहेत. त्यांना वेढे सरकण्याचा जुना त्रास तसाच राहतो आणि मग 'काही फरक नाही' अशी तक्रार येते.

कुणी घ्यावेत, कुणी थांबावं

फ्लॉइड रोझ किंवा तसा आवळणारा नट असेल तर लॉकिंग ट्यूनरची गरज नाही, तार नटवरच धरलेली आहे. ट्रेमोलो नसलेली, घरात वाजवायची गिटार असेल, तर वेढे नीट दिलेला साधा ट्यूनर तेवढाच स्थिर राहतो. तिथे लॉकिंग म्हणजे तार बदलण्याची सोय, आणि सोयीसाठी पैसे द्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. नट नीट नसेल, तर पैसे आधी नटवर.

ट्रेमोलो रोज वापरणाऱ्याने मात्र जरूर घ्यावेत. बिग्सबी पद्धतीचा ट्रेमोलो असलेल्यांनीही. आणि मंचावर वाजवणाऱ्यांनी तर नक्कीच. हे मी अनुभवाने सांगतो. गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा एका रात्री पहिली तार तुटली. दुसरी गिटार आणलेली नव्हती. साध्या खुंटीवर वेढे देता देता पुढचं गाणं सुरू झालं आणि मी ते पाच तारांवर वाजवलं. नंतर त्याच गिटारवर लॉकिंग ट्यूनर आले. पुन्हा एकदा तशीच तार तुटली तेव्हा निवेदकाने एक किस्सा सांगितला, लोक हसले, आणि तो संपायच्या आत नवी तार सुरात होती. पिन सैल करायची, तुकडा काढायचा, नवी तार ओवायची, आवळायची, चढवायची, एवढंच काम.

म्हणून क्रम सांगतो तो असा. आधी नवी तार लावून, चांगली ताणून, नटची तपासणी करा. मग स्ट्रिंग ट्री आणि ब्रिज पाहा. तरी उतरत असेल आणि ट्रेमोलो असेल, तर ट्यूनरकडे वळा. कॅलिपरने भोक मोजा, स्क्रूची जागा कागदावर उतरवून घ्या, वजन विचारा, आणि ड्रिल न लावता बसेल असा सेट निवडा. त्यानंतर रंग आणि नाव तुमच्या आवडीचं. माझ्या गिटारवर आज मागे चाकवाले साधे ट्यूनर आहेत. नटच्या खाचांत शिसपेन्सिलीची भुकटी आहे, आणि प्रत्येक वेळी तारा बदलताना मी ती पुन्हा भरतो.